आफ्राशेजारची जागा

ग्रोनसेल, २ ऑक्टोबर २०१८

गेर्नोट,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशीलच. वीबकेने आधी उघडलं असेल तरी हरकत नाही. यात लपवण्यासारखं काही नाही, एका सहीचं काम आहे.

आपल्या आफ्राच्या कबरीच्या दगडावर पंचायतीने पिवळी चिठ्ठी चिकटवली आहे. आपण तिची जागा पंचवीस वर्षांसाठी घेतली होती, ती या वर्षाअखेर संपतात. मुदत वाढवली नाही तर नव्या वर्षात दगड उचलतील, माती सपाट करतील आणि जागा दुसऱ्या कुणाला देतील. चर्चभोवतीच्या तटबंदीच्या आत जमीन केवढीशी आहे ते तुला माहीत आहे. लोक सरदारांच्या भीतीने गुरंढोरं घेऊन आत पळून यायचे तेव्हा होती तेवढीच ती आजही आहे. जुनी घराणी भिंतीलगतच्या जागांवर डोळा ठेवूनच असतात.

मी कचेरीत जाऊन आले. तिथे आता लिंडनमायरची नात बसते, नखं निळी रंगवलेली. म्हणाली, तुमचं नाव नाहीये इथे बाई, जागा गेर्नोट हाल्म यांच्या नावावर आहे, तेच सही करू शकतात. पाणी कोण घालतं ते कुठे लिहिलंय का, असं मी विचारलं. ती हसली. वाईट मुलगी नाही.

खरं सांगायचं तर मला हे कधी सुचलंच नव्हतं. त्या आठवड्यात काय काय करायचं ते तूच पाहत होतास, आणि आपल्याकडे जागा बापाच्या नावावरच घेतात. तिच्यासाठी कबर खोल खणून घेतली होती, वर आणखी एक पेटी मावावी म्हणून, ते तुला आठवत असेल. ती वरची जागा माझी असं मी धरून चालले आहे. गावही तसंच धरून चालतं. तेव्हा मुदत वाढव आणि जागा माझ्या नावावर कर. दुसरं काही मागत नाही.

यायची गरज नाही. रस्ता लांबचा आहे आणि या दिवसांत इकडे धुकं फार असतं.

ओटिली

ता. क. वेशीजवळच्या नासपतीला यंदा इतकी फळं आली की फांदीला टेकू द्यावा लागला. हे तुला का लिहिते आहे, माहीत नाही.

ग्रोनसेल, २८ ऑक्टोबर

गेर्नोट,

उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं मी धरते, कारण तसं धरणं सोपं आहे.

सकल संतांचा दिवस चार दिवसांवर आला. सगळं गाव कबरींवर वाकलं आहे. दगड घासणं, शेवाळ खरवडणं, नवी फुलं लावणं. नळाजवळच्या झाऱ्यांना आता साखळ्या लावल्या आहेत. एक युरो घातल्याशिवाय झारी सुटत नाही, आणि नाणं विसरलेल्या बायका एकमेकींकडे उसनं मागत हिंडतात. थोरली क्रेसेन्स अजून आहे. ऐकू येत नाही म्हणून सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलते. शेजारच्या कबरीवरून तिने मला विचारलं, तुझ्या नवऱ्याच्या गावात टपालपेट्या नाहीत का गं? मी म्हटलं, तो आता माझा नवरा नाही. तर म्हणते, "चर्चमध्ये लागलेलं लग्न कचेरीत सुटत नसतं. आणि सही मिळेपर्यंत तरी नवरा म्हण, काम लवकर होतं."

मी चिठ्ठीवर देवदाराची फांदी टेकवून ठेवली आहे. फादर पवित्र पाणी शिंपडत रांगेने येतात तेव्हा सगळं गाव त्यांच्या मागे असतं. चिठ्ठीचं सगळ्यांना ठाऊक आहे. पण ठाऊक असणं वेगळं आणि डोळ्यांना दिसणं वेगळं.

शनिवारी मी अजून पाहुण्यांना तटबंदी दाखवते. डोक्याला तो पांढरा फडका बांधते, जुन्या काळच्या बायकांसारखा. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. भिंतीलगतच्या कोठ्या दाखवून झाल्या की जुन्या कबरींतली हाडं रचलेल्या हाडघरापाशी थांबते आणि ती गोष्ट सांगते. चाकं बनवणारा तो दारुडा सुतार, जो रोज घरी जाताना कवट्यांना टोपी काढून शुभरात्री म्हणायचा. मग एकदा सरदाराचे लुटारू त्याच्या मागे लागले, तो इथे येऊन कोसळला, आणि आतले सगळे मेलेले त्याच्यासाठी उठून बाहेर आले. जो तो आपल्या कामाचं हत्यार घेऊन. शेतकरी विळा घेऊन, लोहार हातोडा घेऊन, धोबीण धोपटणं घेऊन. लुटारू पळाले. पाहुण्यांना धोबीण आवडते.

काल पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी होती. तिने विचारलं, मग लहान मुलं काय घेऊन आली?

आफ्रानेही हेच विचारलं होतं, तुझ्या कारखान्यात, लाकडाच्या भुश्यात बसून. मी उत्तर शोधत राहिले आणि तू रंधा न थांबवता म्हणालास, चमचा, लहान मुलांना दुसरं काम काय असतं? आणि तिला आलूबुखाऱ्याच्या लाकडाचा एक करून दिलास. आठवडाभर ती तो घेऊन कोंबड्यांवर चाल करून जात होती.

काल त्या मुलीला मी सांगितलं, लहान मुलं झोपलेली होती.

सही करून पाठव.

ओटिली

ग्रोनसेल, ८ नोव्हेंबर

गेर्नोट,

तुझ्या चार ओळी मिळाल्या.

मला तुझं वाईट वाटतं. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तुला ते खरं वाटणार नाही. फुप्फुसाचं असं काही असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. डॉक्टर वसंताबद्दल बोलतात आणि उन्हाळ्याबद्दल बोलत नाहीत, असं तू लिहिलं आहेस. ते वाचून मी बटाटे सोलत बसले. लागतात त्याच्या तिप्पट सोलले.

मग दुसऱ्यांदा वाचलं. माझं पत्र मिळाल्यावर तू मुदत वाढवलीस. जागा माझ्या नावावर केली नाहीस. तुला स्वतःला तिथे यायचं आहे.

गेर्नोट, ती जागा तुझी नाही. कागदावर आहे, पण तुझी नाही. तू गेलास तेव्हा तिच्या दगडावरची अक्षरं अजून काळी होती. त्यानंतर मी ती दोनदा भरून घेतली. ज्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या आणि झारी भरून घ्यायला मनाई झाली, त्या उन्हाळ्यात मी भांडी विसळलेलं पाणी बादलीतून नेऊन घातलं. थंडीत फांद्यांनी झाकलं, वसंतात उघडलं. दर वेळी तिच्याशी बोलताना मनात असायचं, थांब, मी येते आहे, अजून थोडी वर्षं. तुला हे वेडेपणाचं वाटेल. मला याच्यावरच दिवस काढता आले.

तुझ्याजवळ समुद्र आहे. तुझ्याजवळ वीबके आहे. तिला तू हे सांगितलंस तेव्हा ती काय म्हणाली, ते तू लिहिलेलं नाहीस. तिकडे माणसाची राख करून बोटीने नेतात आणि पाण्यात सोडतात म्हणे. तसं तू कर असं मी म्हणणार नाही, माझ्या वैऱ्यालाही म्हणणार नाही. सिस्टर एडेलगार्ड आम्हाला शाळेत शिकवायच्या की देह हे देवाचं देणं आहे, जसं मिळालं तसं परत करावं. माझ्या आईकडची आणि तुझ्या आईकडचीही सगळी माणसं मातीत अख्खी झोपली आहेत. तूही अख्खाच झोप. पण दुसरीकडे कुठेतरी.

तिथे एकच पेटी मावते. हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, खड्ड्याची खोली तूच सांगितली होतीस.

शेवटी तू "माफ कर" लिहिलं आहेस. कशाबद्दल ते लिहिलं नाहीस, म्हणून उत्तर देत नाही.

ओटिली हाल्म

आडनाव अजून तेच आहे. बदललं असतं तर तिच्या दगडावर ते एकटं पडलं असतं.

ग्रोनसेल, २६ नोव्हेंबर

गेर्नोट,

न कळवता आलास, आणि तेही शनिवारी, मी डोक्याला फडका बांधून हॉलंडच्या सहा म्हाताऱ्यांना गोष्ट सांगत असताना.

मी तुला ओळखलं नाही. हे तुला तिथे सांगितलं नाही, इथे सांगते. नाकात नळी घातलेला, चाकांवरची ऑक्सिजनची बाटली ओढणारा एक पाहुणा मागे येऊन उभा राहिला, आणि माझ्या मनात आलं, याला कुणीतरी बसायला जागा द्यायला हवी. मी सांगत राहिले. विळा, हातोडा, धोबीण. ते लोक हसले. आणि मागून तू विचारलंस, "आणि लहान मुलं?"

आवाज तेवढा तुझा होता. बाकी सगळं कुणीतरी घेऊन गेल्यासारखं.

त्या म्हाताऱ्यांना मी कसं वाटेला लावलं ते आठवत नाही. क्रेसेन्स म्हणते की त्यांनी ठेवलेले पैसे मी घेतलेच नाहीत. कबरीपाशी तू आधी चुकीच्या बाजूने आलास, दगडाच्या मागून. तुला बाकावर बसवलं. तू बराच वेळ तिचं नाव वाचत होतास. आणि मग, जसं काही हवापाण्याबद्दल सांगावं तसं म्हणालास, चमचा तिच्याजवळ आहे. झाकण बसवायच्या आधी तिच्या हातात दिला होता.

इतकी वर्षं मी तो चमचा शोधते आहे, गेर्नोट. माळ्यावर, कोंबड्यांच्या खुराड्यात, तुझ्या कारखान्यात राहिलेल्या खोक्यांत. मला वाटायचं, एवढी एक वस्तू मी नीट ठेवू शकले नाही.

त्यानंतर मी जे बोलले ते त्या रागाने बोलले. तुला इथे यायला कुणी अडवलं होतं, असं मी विचारलं. तू म्हणालास, हा दगड. कारखान्याचं दार उघडलं की समोर दिसायचा. मी गाव नाही सोडलं, ओटिली, मी हा दगड सोडला. आणि मग श्वास गोळा करत, एकेका शब्दाला थांबत, तू ते म्हणालास: "तुझ्याकडे ती पंचवीस वर्षं होती. मला आता थोडी दे."

मी उठून निघून गेले. मी घरी गेले असं तुला वाटलं असेल. गेले नाही.

वेशीबाहेर तुमची गाडी उभी होती. वीबके आत बसून डब्यातली काळ्या पावाची कापं खात होती. मला पाहून तिने डबा आवरला, तोंड पुसलं आणि काच खाली केली. थंडी होती म्हणून मी तिला घरी बोलावलं. ती नको म्हणाली, आत येणं बरं दिसणार नाही. मग मीच घरून कॉफी नेली आणि तिच्या शेजारी गाडीत बसून प्याले. डोक्यावर तो फडका तसाच होता. ती म्हणाली, शोभतो. मी म्हटलं, डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. ती म्हणाली, ते आधीच कळलं होतं. मला ती आवडेल असं मी कधी धरून चालले नव्हते.

तिला मी सरळ विचारलं, तुझं काय, तू कुठे जाणार? ती म्हणाली, आमची सगळी माणसं समुद्रातच गेलेली आहेत, मीही तिकडेच. पण त्याला पाण्याची भीती वाटते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या होड्या दुरुस्त केल्या, एकीतही कधी बसला नाही. आगीचीही वाटते. दवाखान्याची वाटते, अंधाराची वाटते. "फक्त त्या पोरीजवळ झोपायची वाटत नाही," ती म्हणाली. "ते बोलतो तेव्हा त्याचा श्वाससुद्धा नीट चालतो."

आफ्राचा फोटो तिने कधी पाहिला नव्हता. मागितला नाही, एक दिवस आपणहून दाखवेल असं वाटत राहिलं, म्हणाली. माझ्या पाकिटात कोंबड्यांबरोबरचा आहे, तो मी तिला दिला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, कान त्याचे आहेत.

फोटो तिच्याकडेच राहू दिला आहे. माझ्याकडे दुसरे आहेत.

तू जे मागितलंस त्याचं उत्तर यात नाही, मला माहीत आहे. मी अजून देऊ शकत नाही. तू गेल्यावर मी दगडापाशी परत आले आणि पहिल्यांदाच माझ्याच्याने तिला, मी येते आहे, असं म्हणवलं नाही.

ओटिली

ग्रोनसेल, ११ डिसेंबर

गेर्नोट,

वीबके फोनवर म्हणाली की तुला आता चष्मा लावून बसवत नाही, तीच वाचून दाखवेल. तर वीबके, सावकाश वाच. त्याला नीट ऐकू आलं नाही तरी तो "काय?" म्हणत नाही, नुसती मान हलवतो. हे तुला माहीत असेलच.

मी त्सीग्लरकडे गेले होते. कबरी अजून तोच खणतो, आता गुडघ्याला पट्टा बांधून. दोघांची सोय होते का म्हणून विचारलं. तो म्हणाला, पेटी एकच मावते ओटिली, तुझी नाहीतर त्याची, दोघांना उभं करून पुरू का? मग माझं तोंड पाहून त्याने थट्टा सोडली. म्हणाला, दोघांपैकी एकाची राख असेल तर मात्र अडचण नाही. छोटं मडकं असतं. पायाशी बसतं, उशाशी बसतं, सांगशील तिथे हाताने खणून ठेवीन.

मी म्हटलं, आमच्या घरात कुणाला जाळलेलं नाही. तो म्हणाला, बरं. आणि कुदळ पुसायला लागला.

तिथून फादरांकडे गेले. आमचे फादर कुरियाकोस केरळचे आहेत, तुला माहीत नसेल. त्यांना इथे सात हिवाळे झाले तरी स्वयंपाकघरातसुद्धा मफलर काढत नाहीत. चर्चने जाळण्याला केव्हाच परवानगी दिली आहे, हे मलाही माहीत होतं. परवानगी मागायला मी गेलेच नव्हते. सिस्टर एडेलगार्ड सांगायच्या ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, त्यांच्या लहानपणी शेजारच्या घरात एक आजी होती, ती त्यांना रोज काहीतरी खायला द्यायची. ती गेली तेव्हा तिला तिच्याच अंगणाच्या कडेला जाळलं, ती हिंदू होती, त्यांच्यात तसंच करतात. "देवाला ती सापडली नसेल असं मला आजवर एकदाही वाटलेलं नाही," ते म्हणाले. आणि मला चहा दिला, आलं घातलेला, खूप गोड.

गेर्नोट, मी शूर नाही. घरी येऊन चुलीचं दार उघडलं आणि आत बघत उभी राहिले, आणि मग दार लावून दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. आणखी काही दिवस असेच गेले. एकदा ठरवलं की तुला स्पष्ट नाही लिहायचं. ते पत्र पूर्ण झालं होतं, चांगलं जमलं होतं. पण पाकिटावर तुझा हुसुमचा पत्ता लिहिताना मला तू बाकावर बसलेला दिसायला लागलास, मागच्या बाजूने, कोट खांद्यांवरून उतरलेला. आणि वाटलं, तुला त्या दगडासमोर बसायला एवढी वर्षं लागली; आता उठवायचं कुणी आणि कशासाठी?

तर असं ठरलं. तू अख्खा ये. तुला आगीत जायला नको आणि पाण्यात जायला नको. मी मागाहून येईन तेव्हा राख होऊन येईन, तेवढ्यात मी मावते. सिस्टर एडेलगार्डांना काय सांगायचं ते मी भेटल्यावर बघेन.

कचेरीत जाऊन सांगून आले आहे. जागा तुझ्याच नावावर राहू दे, खाली माझं घालून घेतलं आहे. ती मुलगी आता नखं लाल रंगवते. दगडाच्या कारागिराशीही बोलले. आफ्राच्या खाली तुझं नाव येईल, आणि त्याच्याखाली एक ओळ रिकामी सोडायला सांगितली आहे. आडनाव तिन्ही वेळा कोरायचं का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, एकदा आहे ते पुरे.

वीबकेला मी आधीच बोलावून ठेवलं आहे. तुझ्यासाठी ती येईल तेव्हा माझ्याकडे उतरेल, वेशीबाहेर गाडीत नाही. तिला सकल संतांच्या दिवशीही येता येईल, दरवर्षी, तिला वाटलं तर. पाण्यात सोडलेल्या माणसांपाशी मेणबत्ती कुठे लावतात ते मला माहीत नाही, म्हणून म्हटलं.

काल इकडे पहिला बर्फ पडला. फांद्या घालून तिची जागा झाकली आहे. वसंतात उघडायला हवी, पण या खेपेला मी ते जरा उशिराच करीन म्हणते.

तुझी जागा आहे, गेर्नोट. ती आता कुणी घेत नाही. घाई करू नकोस.

ओटिली